ऐनातलं न्यूफाउंड मोहोळ

रविनाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. मुहूर्त अक्षय तृतीयेचा. जावई आसनगावचा हरेश, रोज कल्याणला जाऊन एका गोदामात माल मोजणारा. लग्नात भात कमी पडला नाही, मांडव कलला नाही आणि वरपक्षातलं कुणी रुसलंसुद्धा नाही. शेणव्याच्या पुढं डोंगराला टेकून बसलेल्या त्या पाड्यावर इतकं सुतासारखं लग्न कुणी पाहिलं नव्हतं. नवरीचा बाप कमळू मात्र अक्षता टाकतानाही एका ऐनाच्या झाडाचा विचार करत होता.

त्या ऐनाच्या ढोलीत मोहोळ होतं. होळीची लाकडं आणायला गेला तेव्हाच ते कमळूच्या नजरेला पडलं होतं. पाड्याची रीत अशी, की रानात मोहोळ ज्याला आधी दिसेल त्यानं खोडाला वेलीची गाठ मारायची आणि गाठीत हिरवी डहाळी खोचायची. त्याला खूण म्हणायचं. खूण दिसली की दुसऱ्यानं त्या झाडाकडं मान वर करून बघायचंही नाही. मध काढायचा तो खूण मारणाऱ्यानं; नाहीतर त्यानं स्वतःच्या हातानं गाठ सोडून दुसऱ्याला दिला तर दुसऱ्यानं. कमळू वेल शोधायला वाकला, तोच खालून हाक आली, की आसनगावचे पाहुणे मुलगी बघायला आलेत. "उद्या मारू गाठ," म्हणत तो उतरला. उद्याचा परवा झाला, परवाची सुपारी फुटली, सुपारीचा मांडव झाला, आणि गाठ राहून गेली.

एरवी एखादं मोहोळ हातचं गेलं असतं तरी कमळूनं जिवाला लावून घेतलं नसतं. पण हा मध बाईजाला हवा होता. बाईजा त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला कडेवर वागवून मोठा केलेला. शिमग्यापासून तिनं अंथरूण धरलं होतं. भाकरी गिळवत नव्हती, पेज कडू लागत होती. मोहोळाची बातमी कमळूनंच हौसेनं तिला सांगितलेली. तेव्हापासून तिचं एकच मागणं.

"कमळ्या, त्या ऐनातला मध बोटभर चाटव रे. मंग यमाला म्हनीन, चल बाबा."

"आनतो गो बाय. लगीन उरकूदे."

लग्न उरकलं. रविना आणि हरेश पहिल्यांदा राहायला आले, त्या सकाळी कमळू गाडगं आणि कोयता घेऊन रानात गेला. ऐनापाशी पोचला आणि जागीच थबकला. खोडाला छातीच्या उंचीवर पिवळीजर्द प्लास्टिकची फीत बांधलेली. वर ढोलीत माश्यांची गुणगुण चाललेली आणि खाली फितीवर काळ्या शाईत इंग्रजी अक्षरं.

कमळू प्रौढांच्या वर्गात बसून पन्नाशीत लिहायला-वाचायला शिकलेला. मराठी तो सावकाश, बोट ठेवून, पण खणखणीत वाचायचा. इंग्रजी अक्षरं मात्र त्याला वाकड्या खिळ्यांसारखी दिसत. त्यानं सागाचं पान तोडलं, करवंदीच्या काट्यानं ते खिळे जसेच्या तसे पानावर ओरबाडले आणि रिकामं गाडगं घेऊन घरी आला.

"जावई, ह्ये वाचा जरा."

हरेशनं चहाची बशी खाली ठेवली. सासऱ्यानं पहिल्यांदाच त्याला काही विचारलं होतं. पान उलटंसुलटं करून त्यानं सुटकेचा श्वास सोडला, कारण शब्द येणारा निघाला.

"न्यूफाउंड. सिंपल हाय मामा. विशेषण हाय ते. नव्यानं सापडलेलं."

"कुनाला सापडलेलं?"

"ज्यानं लिवलं त्याला."

"आनि आधी दुसऱ्या कुनी बघितलं आसंल तर?"

"तरी चालतं. आता बघा, कामावर माझी एकाशी दोस्ती झाली. तो मानूस काय त्या दिवशी जन्मला नाय. पन मला आता भेटला, म्हंजे माझा न्यूफाउंड फ्रेंड. पुढं काय पन लावा. कशाला पन लागतं."

"कशालाबी?"

"कशाला पन."

चुलीपासून ठकीनं, म्हणजे कमळूच्या बायकोनं, मान वळवली. "म्हंजे तुमी आमचं न्यूफाउंड जावई."

"एकदम करेक्ट, मामी!"

रविना पदराआड हसली. कमळू हसला नाही. "म्हंजे कुनीतरी खूण मारली," तो म्हणाला.

"खूण कसली? चिंधी ती," ठकी म्हणाली. "टाका सोडून. तुमाला होळीलाच दिसलंय मोहोळ. मी हाय साक्षीला."

"दिसलेलं चालत नाय गो. मारलेली गाठ चालते."

यात एक अडचण होती आणि ती ठकीलाही ठाऊक होती. आदल्या वर्षी लडकूनं जयरामची खूण मोडून मोहोळ काढलं होतं. जयराम पाड्याचा कारभारी. बैठक बसली. तिथं सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलला तो कमळूच. "खूण कुनाचीबी आसो, कसलीबी आसो, खूण ती खूण! आज मोडाल तर उद्या कुनाच्या झाडाला कोन इचारनार?" लडकूला दंड म्हणून कोंबडा द्यावा लागला, आणि त्या कोंबड्याची तंगडी भाषणाबद्दल कमळूच्या पानात पडली होती.

तेव्हा कमळूनं फीत सोडली नाही. फीत बांधणारा शोधायचा, त्याच्यापुढं नारळ ठेवायचा आणि गाठ सोडवून घ्यायची, असं त्यानं ठरवलं. शोध फार करावा लागला नाही. शेजारच्या काशीनंच सांगितलं.

"तुमी समदी मांडवात व्हतां तवा चार-पाच जनं आली व्हती. शहरातली. पाठीवर ही एवढाली बोचकी. मी पानी पाजलं. पिवळ्या फिती बांधत बांधत डोंगरावर गेली. मे सरता सरता येतो म्हनाली, शेवटच्या रविवारी."

"फिती? किती ठिकानी बांधल्या?"

"मी काय मोजत बसले काय? झऱ्यावरच्या उंबराला हाय एक. मला वाटलं, लग्नाची शोभा."

झाली बोंब! कमळूच्या तोंडून इंग्रजी शब्दाचा अर्थ कळल्यावर पाडा डोंगरभर फिती बघत फिरला. झऱ्यावरच्या उंबराला फीत होती. बैल बसतात त्या आंब्याला होती. खडकाच्या सुळक्याला होती. लडकूच्या कुंपणाच्या कोपऱ्यावरच्या मेढीलाही होती.

लडकू तडक कमळूच्या अंगणात आला. "कमळूदादा, माझं घर कुनालातरी नव्यानं सापडलंय. आता मी घरात जाऊ का नको, तेवढं सांग. तूच बोल्ला व्हतास, कुनाचीबी आसो, कसलीबी आसो."

"घराला नाय रे, मेढीला हाय."

"मेढ कुंपनाची, कुंपन घराचं. माझा कोंबडा कुनाचा व्हता, ते तरी आठवतं का?"

लडकू घरात गेला, पण मागच्या बाजूनं, कुंपण ओलांडून. बायकांनी झऱ्यावर जाणं बंद केलं. खूण ती खूण. हंडे घेऊन त्या खालच्या ओहोळाला जाऊ लागल्या. तिथलं पाणी मे महिन्यात म्हणजे गाळच.

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण विशेषण कशालाही लागतं, हे हरेशचं सांगणं पाडाभर झालं होतं, आणि लडकूच्या पोटात अजून त्या कोंबड्याचा राग होता. त्यानं बायकोच्या जुन्या हळदीच्या लुगड्याची पट्टी फाडली आणि जयरामच्या फणसाला बांधली.

जयराम काठी घेऊन आला. "लडक्या, माझ्या बापानं लावलाय तो फनस!"

"बापाला सापडला तो जुना. मला आता सापडला. न्यूफाउंड फनस."

"अरे, रोज त्याच्या सावलीत बसतोस तू!"

"बसतो. पन फनस म्हनून कधी बघितला नव्हता. काल बघितला. काय गोड वास येतोय!"

जयरामनं संध्याकाळपर्यंत लडकूच्या शेळीला पट्टी बांधली. शेळीनं ती खाल्ली, तेव्हा ती खूण धरायची की नाही यावर आणखी भांडण. आठवडा सरायच्या आत पाड्यावर पिवळं कापड शिल्लक राहिलं नाही. ठकीच्या तलंग कोंबडीच्या पायात पट्टी, काशीच्या पाट्याला पट्टी. एका म्हातारबुवांना तर अंगणात झोप लागली होती. उठून बघतात तो मनगटाला पट्टी. "मला कुनी शोधला रे?" म्हणत ते घरोघर फिरले. कुणी कबूल होईना. सांभाळावं लागेल म्हणून.

भांडणं निवाड्याला कमळूकडं यायची. नियम त्याच्या तोंडचा आणि शब्द त्याच्या जावयाचा. कमळू प्रत्येकाला एकच सांगायचा, "रविवारपर्यंत दम धरा." हरेश मधेच एकदा येऊन हे सगळं बघून गेला आणि जाताना रविनाला हळूच म्हणाला, "पुढच्या टायमाला मामांनी काय विचारलं ना, तर मला येत नाय म्हनून सांग."

आणि रोज संध्याकाळी बाईजा विचारायची. कमळूनं आधी सांगितलं, पोळं भरलं नाही. मग सांगितलं, माश्या चिडल्यात. एके दिवशी तिनं पाण्याचा घोट तोंडात फिरवला आणि थुंकला.

"ह्ये पानी कुठलं?"

"आपलंच गो."

"आपलं नाय. ओहोळाचं हाय. झऱ्याला काय धाड भरली? खरं सांग. लहानपनापासनं खोटं बोलताना तुझा डावा कान हालतो."

कमळूनं कान धरून सगळं सांगितलं. फीत, सागाचं पान, विशेषण, फणस, शेळी. बाईजा हसायला लागली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ती निवल्यावर म्हणाली, "नव्यानं सापडलं म्हनतात? मंग इतकी वर्सं आपुन हरवलेली व्हतो काय रे?"

"बाय, तू म्हनशील तर आत्ता जातो. मोडतो खूण. काय व्हायचं ते होऊदे."

बाईजानं आढ्याकडं बघत ओठांवरून जीभ फिरवली. मध तिच्या जिभेच्या टोकावर होता, हे कमळूला दिसत होतं.

"लडकूच्या कोंबड्याची तंगडी खाल्लीस ना?" ती म्हणाली. "मंग आता गप बस. रविवार काय लांब नाय."

एकतीस मेचा रविवार उजाडला. सगळा पाडा सकाळपासून वाटेकडं डोळे लावून बसलेला. हरेशही आला होता, पण तो मागच्या रांगेत. उन्हं वर यायच्या आत पाच जणं आली. चार पोरगे आणि एक मुलगी. मुलीच्या बुटाचा तळ सुटला होता, म्हणून ती खाली थांबली आणि पोरगे फितींच्या मागोमाग डोंगर चढून गेले. मुलीचं नाव दिपिका. काशीनं तिला घोंगडी टाकून बसवलं. कमळू स्वच्छ सदरा घालून पुढं आला आणि त्यानं तिच्यापुढं नारळ ठेवला.

"अय्या, थँक्यू काका!" म्हणत दिपिकानं नारळ पिशवीत टाकला.

पाड्यानं माना डोलावल्या. नारळ घेतला म्हणजे मागणं मान्य.

"मंग चल, पोरी," कमळू म्हणाला.

"कुठे?"

"गाठ सोडायला. ऐनाची."

पुढं बोलणं लांबलं. कमळू खुणेची रीत सांगत होता आणि दिपिकाचे डोळे मोठे होत होते. शेवटी तिनं कपाळाला हात लावला. "काका, त्या फिती आम्ही परत येताना वाट चुकू नये म्हणून बांधल्यात हो! डोंगरावरून पलीकडे मुरबाडकडे उतरणारी वाट आम्हांला सापडली ना, ती न्यूफाउंड. फितीवर सगळं लिहायला जागा नव्हती."

"आनि मोहोळ?"

"कुठलं मोहोळ?"

लडकू पुढं सरसावला. "म्हंजे ऐनात मोहोळ हाय, ह्ये तुमाला दिसलंच नाय?"

"नाही ना. तिथे मधमाश्या आहेत? बाप रे, मी त्या झाडाला टेकून बसले होते."

मग मागच्या रांगेतून हरेशचा बारीक आवाज आला, "मिनिंग तर बरोबर सांगितलं व्हतं मी." आणि सगळा पाडा खो खो हसत सुटला. जयराम आणि लडकू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसले. हसला नाही तो कमळू. तो केव्हाच गाडगं घेऊन रानाच्या वाटेला लागला होता.

ऐनापाशी येऊन त्यानं फीत सोडली. आपल्याच हातानं, आता कसली भीती? भर उन्हाळ्यात ओला पाला हुडकता हुडकता दुपार झाली; मग सुक्या गवताला तो गुंडाळून चूड वळली, पेटवली, धूर धरायला लागल्यावर ढोलीच्या तोंडाशी खोचली. माश्या भणभणत बाहेर पडू लागल्या. एवढ्यात खालून हाकांवर हाका. ठकीचा आवाज, काशीचा, त्या मुलीचा.

झालं होतं असं. फिती म्हणजे खूण नव्हे हे कळल्यावर बायकांना कोण आनंद झाला. ज्याचं त्याला परत द्यावं, या चांगुलपणात वरच्या पोरग्यांना विसरून काशी चार जणींना घेऊन डोंगर चढली आणि वरपर्यंतच्या सगळ्या फिती सोडून, नीट घडी घालून दिपिकाच्या मांडीवर आणून ठेवल्या. "घे पोरी. एकबी ठेवली नाय." दिपिका घडीकडं बघत राहिली आणि रडायलाच लागली. वर गेलेले चौघं आता उतरणार कसे? वरच्या अंगाला सरळ कडा होता.

"तुमी चला!" ठकी ओरडत वर आली. "कडा तुमच्याइतका कुनाला ठावं नाय. पोरं गेली तर आयुष्यभर त्वांड दाखवता यायचं नाय."

"मध काढतो गो, थोडा दम..."

"मध कुठं पळतोय? पोरं पळतील खाली!"

कमळूनं ढोलीकडं बघितलं. हातातल्या गाडग्याकडं बघितलं. मग गाडगं तिथंच ठेवून तो धावला.

पुरुषमाणसं डोंगरभर पांगली. हाका मारून घसे बसले. पोरगे सापडले ते दिवस मावळता मावळता, डोंगराच्या पलीकडं, मुरबाडच्या अंगाला एका गोठ्यात गवतावर बसलेले. ते कमळूच्या नव्हे, लडकूच्या नजरेला पडले. लडकू नाचायलाच लागला. "मला सापडले! न्यूफाउंड! चारीच्या चारी!" पोरगे इतके दमले होते, की त्यांनी लडकूच्या गळ्यात हात टाकून "हो काका, तुम्हांलाच" असं कबूलही केलं.

दुसऱ्या सकाळी कमळू ऐनापाशी गेला तेव्हा माश्यांची गुणगुण नव्हती. ढोलीच्या तोंडाशी खोचलेली चूड कुणी काढलीच नव्हती. ती धुमसत आत पडली, ढोलीतलं सुकं लाकूड तिनं धरलं आणि मेण वितळून पोळं कोसळलं होतं. मध राखेत मिसळून खोडावरून ओघळला होता. जिथं जिथं ओघळ होता तिथं काळ्या मुंग्यांची झुंबड उडालेली. कमळूनं पळसाच्या पानावर निपटता येईल तेवढं निपटलं. राख, सालपटं, मुंग्या आणि त्यात कुठंतरी मध.

बाईजानं बोट बुडवून चाटलं. डोळे मिटले. कमळू तिच्या उशाशी बसून तिच्या तोंडाकडं बघत होता.

"मुंग्याच जास्ती हायत रे."

"व्हय."

"गोड झाल्यात पर."

कमळू एकदम म्हणाला, "बाय, होळीला वाकलो व्हतो मी गाठ मारायला. वेल हातात आली व्हती. एवढं बांधलं आसतं तर..."

"तवा पोरीला बघायला आलेली मानसं. तू काय पळून जानार व्हतास?" बाईजानं पुन्हा बोट बुडवलं. "ती चार पोरं सापडली ना?"

"सापडली. ती पोरगी लय रडली जाताना. रविवारी येते म्हनाली, तुझ्यासाठी मधाची बाटली घेऊन. दुकानातली."

"दुकानातली? त्यात गूळ आसतो." बाईजानं तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "आनूदे. रविवारपातूर बघते वाट."

बाईजा पाच जून एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला, शुक्रवारी सकाळी वारली. रविवार यायला दोन दिवस होते.